मनगटातले चौतीस

मी आजवर तीनशे बारा वेळा मेलो आहे. आकडा फुगवलेला नाही. फुगवायचाच असता तर पाचशे सांगितला असता, तुम्ही काय तपासायला येणार होता? त्यातले दीडशे मृत्यू चालत्या गाडीत झाले आणि चाळीसेक लिफ्टच्या दारात, कारण नवखे डॉक्टर लिफ्टमध्ये हमखास एकच चूक करतात: स्ट्रेचर आत, पेशंट आत, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर बाहेर.

छत्तीस वर्षे मी अँब्युलन्स चालवली. निवृत्त झालो त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी बोलावणं धाडलं. हेडमास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते भूल देणारे डॉक्टर, पण वीसेक वर्षं एकच काम करतात: अत्यवस्थ पेशंटला एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात जिवंत कसं न्यायचं, हे बाकीच्या डॉक्टरांना शिकवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण इस्पितळात पेशंटच्या चारी बाजूंना भिंती असतात, भिंतीत ऑक्सिजन असतो, वीज असते, हाक मारली तर दहा माणसं धावतात. गाडीत तोच पेशंट, तोच आजार, आणि सगळं इस्पितळ मात्र कपाटाएवढं होऊन खड्ड्यातून उड्या मारत निघालेलं.

माझ्या आधी सरावाच्या पेशंटच्या कामाला रबरी पुतळा होता. एकदा शिकाऊ डॉक्टरांनी त्याला मोठ्या इस्पितळात इतकं नीट सोपवलं की तिथल्यांनी त्याला दाखल करून घेतलं. तीन दिवस होता म्हणे. घरी सोडताना मीठ कमी खा असंही लिहून दिलं. तेव्हापासून हेडमास्तरांनी ठरवलं की पेशंट बोलणारा हवा.

बोलण्यात मला कोण हरवणार? कण्हणं, विव्हळणं, डोळे पांढरे करणं हे तर झालंच, पण मला हवा तेव्हा घामही फुटतो. लग्न ठरवायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलेले प्रश्न नुसते आठवायचे, दोन मिनिटांत सदरा ओला. एकदा एका तगड्या डॉक्टरसमोर मी असा काही गेलो की तो गाडीतून उतरला तो थेट डोळ्यांचा डॉक्टर झाला. सगळे मला आजोबा म्हणतात. 'आज आजोबांना काय झालंय?' असं विचारतच परीक्षार्थी आत यायचे.

परीक्षेची रीत अशी. मी स्ट्रेचरवर. डॉक्टर शेजारी. कोपऱ्यातल्या बाकावर हेडमास्तर, हातात एक कार्ड. कार्डावर माझी नाडी, माझा रक्तदाब, माझा श्वास, सगळे आकडे हेडमास्तरांनी आदल्या दिवशी लिहिलेले. डॉक्टरने विचारायचं, "नाडी?" हेडमास्तर कार्डावरून वाचणार, "एकशे अठरा." मग डॉक्टरने त्यावर काय ते करायचं. त्यामुळे व्हायचं काय, की परीक्षार्थी परीक्षाभर हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघायचे. या कामाच्या अकरा वर्षांत माझं मनगट कुणी हातात धरलं असेल तर ते घड्याळ कितीला घेतलं हे विचारायला.

फक्त एकजण धरायची. तिला सगळे गोगलगाय म्हणत. पाठीमागे म्हणत असं नाही, तोंडावरच म्हणत, आणि ती 'ओ' देऊन वळूनही बघे. टेकडीपलीकडच्या बारा खाटांच्या इस्पितळातली डॉक्टरीण. तिथं हृदयाचं यंत्र नाही, मेंदूचा डॉक्टर नाही; मोठं काही झालं की पेशंटला इकडे मोठ्या इस्पितळात आणायचं. गाडी होती त्यांची, चांगली नवी. पण सोबत जायला हेडमास्तरांच्या प्रमाणपत्राचा डॉक्टर हवा, असा नियम, आणि तसा तिथं एकही नव्हता. म्हणून प्रत्येक वेळी मोठ्या इस्पितळाची गाडी येईपर्यंत वाट बघायची. दोन तास. मागच्या हिवाळ्यात एक सुतार पावणेदोन तास थांबला. आणखी पंधरा मिनिटं त्याला जमलं नाही.

सुताराबद्दल ती स्वतः कधी बोलली नाही. तिच्या गाडीच्या ड्रायव्हरने मला सांगितलं.

प्रयत्न तीनच मिळत. पहिल्यांदा ती निघायलाच अठरा मिनिटं उशीर करून नापास झाली. दुसऱ्यांदा नाडी मोजताना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणावं असं सगळे करतात. ही पूर्ण मिनिट मोजत बसली, तेवढ्यात कार्डाप्रमाणे माझा मृत्यू झाला होता. मी हळूच म्हटलं, "डॉक्टरीणबाई, मी गेलो." तर म्हणते, "थांबा आजोबा, बावन्न सेकंदच झालेत."

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी आमच्या घरचा जिना कुणीतरी वाढवला होता. रोज सतरा पायऱ्या, त्या दिवशी तेवीस तरी असाव्यात. मधल्या वळणावर मी बसलो. आमच्या हिने वरून विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "कामाची तयारी करतोय." तिने दार लावून घेतलं. अकरा वर्षांत तिने माझे इतके झटके पाहिले होते की एकदा माझ्या अंगावरूनच केर काढला होता.

साडेदहाला हेडमास्तरांच्या प्रशिक्षण केंद्रात पोहोचलो. गोगलगाय आधीच गाडीत शिरलेली, सिलिंडरच्या काट्यापाशी वाकून.

"सर, हा रिकामा आहे."

"सरावाचा आहे तो, बाई," हेडमास्तर म्हणाले. "भरलेला आहे असं समजायचं."

"समजते. पण भरलेला आणते."

आणला. तोही स्वतः, कारण मदतनीस हसत उभा होता. मग औषधांची पेटी उघडली. सरावाच्या पेटीतल्या सगळ्या सुयांत साधं पाणी असतं. तिने ती पेटी खाली ठेवली आणि कपाटातली खरी काढून घेतली. मग हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राचं बटण दाबून ते चालू होतं का बघितलं. हेडमास्तरांच्या पेन्सिलीचा आवाज मला स्ट्रेचरवरून ऐकू येत होता. उशीर, उणे दोन. उशीर, उणे दोन.

"अजून काही?" हेडमास्तरांनी विचारलं. "टायरमध्ये हवा भरता का?"

"ड्रायव्हरने सकाळी बघितलीय, सर. मी विचारलं."

निघण्याआधी हेडमास्तरांनी नेहमीचा नियम वाचून दाखवला. परीक्षा मध्येच थांबवायची तर 'खेळ बंद' म्हणायचं. तसं परीक्षार्थी म्हणाला की तो नापास. हा नियम त्यांनी सहा वर्षांपूर्वी केला, कारण घाबरलेले डॉक्टर अर्ध्या वाटेत 'खेळ बंद' म्हणायचे आणि मग सर्दी झाली होती असं सांगायचे.

त्या दिवशी माझा आजार होता न्यूमोनिया. धाप लागायची, खोकायचं, आणि 'मला काही होतंय' असं मधूनमधून म्हणायचं. गाडी निघाली. मी धापा टाकल्या, खोकलो. पहिल्या चौकापर्यंत मी काम करत होतो. दुसऱ्या चौकापासून काम आपोआप व्हायला लागलं. छातीवर कुणीतरी ओली गादी ठेवल्यासारखं झालं. सासऱ्यांना आठवलंही नव्हतं, तरी घाम मानेवरून खाली उतरत होता.

"मला काही होतंय," मी म्हटलं.

"छान," हेडमास्तर कार्डाकडे बघत म्हणाले. "पण अजून जरा लवकर आहे, आजोबा. पुलानंतर म्हणायचं."

"अहो, खरंच होतंय."

"वा! आज रंगात आलेत."

आता तुम्हीच सांगा, माणसाने पुढे काय म्हणायचं? 'मी मरतोय' म्हणावं तर तेही मी तीनशे वेळा म्हटलेलं. 'देवाशपथ' म्हणावं तर तेही. मागच्या वर्षी तर मी 'ही परीक्षा नाही हो, खरं आहे' असं ओरडून एका डॉक्टरची भंबेरी उडवली होती आणि हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली होती. माझ्याजवळ एकही शब्द न वापरलेला उरला नव्हता. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

गोगलगायीने माझं मनगट उचललं.

"नाडी एकशे अठरा," हेडमास्तरांनी न विचारता सांगून टाकलं. तिला वेळ वाचवून द्यावा म्हणून असेल. माणूस कडक होता, वाईट नव्हता.

ती मोजत राहिली. घड्याळाकडे नजर. मी तिचे ओठ बघत होतो. एखादा माणूस दुसऱ्याच्या दारात उभं राहून आत कुणी आहे का याची वाट बघतो, तशी ती प्रत्येक आकड्यानंतर थांबत होती.

"चौतीस," ती म्हणाली.

"एकशे अठरा."

"सर, कार्डावर असतील. मनगटात चौतीस आहेत."

"बाई, तुमचा तिसरा प्रयत्न आहे. एकशे अठरा धरून पुढे चला. अजूनही वेळेत आहात."

तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग पुन्हा मनगट धरलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला त्या वेळी गाडीचं छत जवळ आल्यासारखं वाटत होतं आणि ते कुठं थांबतंय इकडे माझं लक्ष होतं. पण ती काय विचार करत असेल ते मला कळत होतं. मी नाटक करत असलो तर ती गेली. प्रमाणपत्र गेलं, टेकडीपलीकडची ती नवी गाडी दारात उभ्या उभ्या जुनी होणार.

"खेळ बंद," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं. "अकरा बेचाळीस. ठीक आहे. नापास लिहितो."

"लिहा. पण जरा सरकून लिहा सर, मला पॅड लावायचेत." आणि पुढच्या खिडकीवर टकटक करून, "दादा, गाडी बाजूला घ्या. थांबवा."

"थांबवू?" ड्रायव्हर म्हणाला. "सिरियस असेल तर पळवायची ना?"

"दोन मिनिटं थांबवा. हलत्या गाडीत सुई कुठं जाईल सांगता येत नाही. आणि तो भोंगा बंद करा, मला ऐकू येत नाही."

गाडी थांबली. माझ्या छातीला तारा लागल्या आणि अकरा वर्षं बंद असलेला, ठोके दाखवणारा खरा पडदा उजळला. हेडमास्तरांनी पडद्याकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मग कार्ड खिशात घातलं.

"हृदयातली तार तुटलीय," ते पुटपुटले. "वरचा कप्पा बोलतोय, खालच्याला ऐकूच जात नाही."

"हो सर. तुम्ही घेता का पेशंट? तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे."

हेडमास्तरांनी खिशातलं कार्ड चाचपलं. मग म्हणाले, "नाही."

"नाही घेत?"

"नाही आहे. प्रमाणपत्र. मीच देतो ना सगळ्यांना. मला कोण देणार?" आणि त्याला जोडूनच, "खरा पेशंट नेऊन मला नऊ वर्षं झाली."

मरता मरता हसू आलं म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. हसू वर येतं आणि नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीपाशी अडकतं.

"मग ऑक्सिजनचा काटा तुम्ही बघा, सर," ती म्हणाली. "दर मिनिटाला मोठ्याने सांगा."

आणि वीस वर्षं डॉक्टर घडवणारे हेडमास्तर पोरासारखे काट्यापाशी जाऊन बसले.

तिने सुई दिली. नाडी चाळिसावर आली, पुन्हा उतरली. मग ती म्हणाली, "आजोबा, आता बाहेरून ठोके देणार आहे. दुखेल. आधी थोडं औषध देते, तरीही दुखेल." यंत्र सुरू झालं. कुणीतरी छातीवर सेकंदाला एक टिचकी मारावी तसं वाटलं. टिचकी म्हणतो, कारण घोड्याची लाथ म्हटलं तर तुम्हाला ती माझी सवय वाटेल. प्रत्येक टिचकीला माझा डावा खांदा कुणाला तरी 'नाही' म्हणत होता.

गाडी पुन्हा निघाली. तिने मोठ्या इस्पितळात फोन लावला. पलीकडे दाखल-कक्षातली मोठी सिस्टर. तिचा आवाज मला स्ट्रेचरवरही ऐकू आला.

"केंद्राची गाडी ना? आजोबा आहेत का? आणा, कोपऱ्यातली खाट आहे."

"सिस्टर, खरा पेशंट आहे."

"हो, दर वेळी खराच असतो."

गोगलगाय चिडली नाही. तिने आपल्या चालीने सांगायला सुरुवात केली: वय, कधीपासून, नाडी किती, किती वेळा मोजली, कोणतं औषध, किती वाजता, यंत्र किती ठोक्यांवर, ऑक्सिजन किती उरला. शेवटचा आकडा हेडमास्तरांना विचारून.

"तुम्ही एवढं सावकाश का बोलताय?" सिस्टरने विचारलं.

"तुम्हाला लिहून घेता यावं म्हणून."

"परीक्षेवाले असं बोलत नाहीत हो. ते नुसते धावतात." मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "ए, हृदयवाल्यांना बोलवा! खरंच आलंय!"

पोहोचलो. लिफ्टमध्ये सिलिंडर आधी आत गेला, मग मी. माझ्या मांडीतून एक तार थेट हृदयापर्यंत घातली. ती बाहेरच्या गॅलरीतून, तिथून लिफ्टमधून, चार मजले चढून आली असं मला औषधाच्या गुंगीत स्पष्ट दिसलं, आणि ते मी आजही मागे घेत नाही. दुसऱ्या दिवशी काडेपेटीएवढं यंत्र गळ्याखाली बसवलं. मी वाचलो. तेवढं तर तुम्ही ओळखलंच असेल.

भानगड खालच्या मजल्यावर झाली. बाहेरून आलेल्या पेशंटच्या रजिस्टरात एक रकाना असतो: सोबतच्या डॉक्टरचा प्रमाणपत्र क्रमांक. कारकुनाने तो विचारला. डॉक्टरीणबाईंना क्रमांक नाही. हेडमास्तरांना नाही.

"मग पेशंट आला कसा?" कारकून म्हणाला.

"गाडीतून."

"तसं नाही. क्रमांकाशिवाय पेशंट येऊ शकत नाही."

"वर झोपलाय तो."

"झोपू दे. आलेला नाही."

मग मी तीन दिवस त्या इस्पितळात न येता राहिलो. आमची ही भेटायला आली तेव्हा तिला खिडकीवर सांगितलं, असा पेशंट नोंदलेला नाही, चौथ्या मजल्यावर एक आहे पण तो बहुतेक सरावाचा. ती म्हणाली, "सरावाचा असू दे नाहीतर खरा, हे कपडे कुणाला देऊ ते सांगा." वर आली, मला नीट न्याहाळलं, यंत्राच्या जागेवर बोट ठेवलं. मग खुर्चीवर बसून आणलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. शेवटी म्हणाली, "जिन्यात मी दार लावून घेतलं होतं."

"मीच तसं सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी कारकून रजिस्टर घेऊन वर आला. न आलेल्या पेशंटला घरी सोडता येत नव्हतं. मागोमाग हेडमास्तर, बगलेत फाइल. गोगलगायही होती, दाराशी, बॅग खांद्याला. तिला टेकडीपलीकडे जाणारी दुपारची बस गाठायची होती.

हेडमास्तर माझ्या पायाशी बसले आणि निकाल वाचायला लागले. वगळलं काहीच नाही. उशीर, उणे दोन. उशीर, उणे दोन. परीक्षकाशी वाद, उणे पाच. परीक्षा थांबवली.

"म्हणजे नापास," ते म्हणाले.

"मान्य आहे, सर," ती म्हणाली आणि वळली.

"अहो, काय माणूस आहात!" आमची ही उठली. "हे जिवंत दिसताहेत ना तुम्हाला?"

"वहिनी, बसा. नियम नियम आहे, मी केलाय." हेडमास्तरांनी पान उलटलं. "परीक्षा अकरा बेचाळीसला संपली. नापास. त्यानंतर गाडी एकवीस मिनिटं चालू होती. त्या एकवीस मिनिटांत काय काय झालं ते मी लिहून काढलंय. ऑक्सिजनचा काटा बघता बघता जेवढं दिसलं तेवढं. त्यात मला एक चूक सापडली नाही. म्हणजे एक सापडली. माझ्यावर दोनदा खेकसल्या."

"एकदाच, सर."

"दोनदा. पुलावर पण." त्यांनी फाइलीतून प्रमाणपत्र काढलं. तारीख परीक्षेच्या दिवसाची होती आणि कुणाच्याही प्रमाणपत्रावर नसते ती वेळही होती: अकरा त्रेचाळीस. "हे कार्ड न वापरता दिलेलं पहिलंच. कारकूनसाहेब, क्रमांक लिहून घ्या."

कारकुनाने क्रमांक लिहिला, मग घड्याळाचा हिशेब बोटांवर करून बघितला. अकरा त्रेचाळीसनंतर पेशंटसोबत प्रमाणपत्राचा डॉक्टर होता. रकाना भरला. मग त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच बघितलं आणि म्हणाला, "या."

गोगलगायीने प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. शिक्क्यातली बारीक अक्षरंसुद्धा. मग विचारलं, "सर, तुम्ही कधी देताय परीक्षा?"

"पुढच्या महिन्यात. बाहेरून परीक्षक बोलावलेत." हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "अभ्यास चाललाय."

ते पहिल्या प्रयत्नात नापास झाले, घाई केली म्हणून. पण त्याच महिन्यात टेकडीपलीकडची नवी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली, आणि तिने तीन पेशंट आणले. तिन्ही पोहोचले. तिसऱ्याला जरा उशीर झाला, कारण निघण्याआधी डॉक्टरीणबाईंनी ड्रायव्हरला स्टेपनी खाली उतरवून दाखवायला लावली होती.